न ऐकता दिलेली अकरा उत्तरे

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी भरपाई कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीवर एका बुटक्या बाईने नोटीस ठेवली, आत बसलेल्या माणसाला सुलटी दिसेल अशी, आणि त्यातल्या एका शब्दावर बोट टेकवले.

"हे कोणी लिहिलंय?"

आत बसलेल्या पडताळणी कारकुनाने शब्द वाचला. 'असत्य'. पूर्ण वाक्य असे होते: अर्जदाराचा बहिरेपणाचा दावा असत्य असल्याचे दिसून येते.

"मी," तो म्हणाला.

"तुम्ही स्वतः?"

"मी स्वतः."

"बरं झालं भेटलात. मला वाटलं, वरून आलंय. वरून आलेल्याशी भांडता येत नाही."

बाई सहासष्ट वर्षांची होती. गावाबाहेरचा खिळ्यांचा कारखाना नऊ वर्षांपूर्वी बंद पडला, तेव्हा तिची तिथली एकतीस वर्षे भरली होती. एका पत्र्याच्या छपराखाली छत्तीस यंत्रे, प्रत्येक यंत्र मिनिटाला दोनशे खिळे तोडणारे. अशा जागी कान राहत नाहीत, हे सरकारला उशिरा का होईना पटले आणि कामगारांसाठी भरपाईची योजना निघाली. योजना निघाली की खऱ्यांच्या मागोमाग खोटेही येतात, म्हणून पडताळणी आली. पडताळणी म्हणजे आधी बंद खोलीत कानाला यंत्र लावून तपासणी. आवाज आला की बटण दाबायचे. पण ज्याला दाबायचेच नाही, त्याचा अंगठा कोण धरणार? म्हणून मग मुलाखत. कारकुनाने समोर बसवून साध्या आवाजात अकरा प्रश्न विचारायचे आणि माणूस कसा ऐकतो, ते लिहायचे.

हा कारकून या कामात सव्वीस वर्षे मुरलेला होता. आग, पूर, अपघात, सगळ्या भरपाया त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. एकच सायकल दोन वेगवेगळ्या पुरांत वाहून गेल्याचे त्यानेच पकडले होते. कार्यालयात त्याला मागून 'टाचणी' म्हणत. कागद टाचल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नसे आणि माणूस टोचल्याशिवाय. नाव त्याला ठाऊक होते. मनातून त्याला ते आवडतही होते.

त्याने तिची फाईल काढली.

"मावशी, चौदा तारखेला मी तुम्हाला अकरा प्रश्न विचारले. अकराही उत्तरं पहिल्या फटक्यात आली. एकदाही 'काय म्हणालात' नाही. बहिरा माणूस असं बोलतो का?"

"मग कसं बोलतो?"

टाचणीला असे कोणी कधी विचारले नव्हते. "म्हणजे... आँ म्हणतो. कानामागे हात धरतो. दोनदा विचारावं लागतं."

"ते नाटकात."

"शुक्रवारी पाचपर्यंत हरकत घेता येते. त्यानंतर यादी मुख्य कार्यालयात जाते. एकदा गेली की परत अर्ज नाही."

"हरकतच घ्यायला आलेय." तिने बोट पुन्हा त्या शब्दावर ठेवले. "पैसे नकोत असं म्हणत नाही मी, तेवढी संत नाही. पण आधी हे काढा. एकतीस वर्षं खिळ्यांत काढली. घरी भिंतीवर फोटो लावायचा होता, तर खिळा दुकानातून विकत आणला. आणि पोस्टमन येऊन माझ्या हातात काय देतो? असत्य. माझ्या सुनेनं वाचून दाखवलं. सुनेनं, कळलं का? आता ती माझ्याकडे बघते, ते वेगळंच बघते."

"बसा बाकावर," टाचणी म्हणाला. "मॅडमना विचारतो."

मॅडम म्हणजे कार्यालयप्रमुख. त्यांची केबिन काचेची होती. टाचणी आत गेला, दार लावून घेतले आणि टेबलाच्या बाजूला उभ्याउभ्याच म्हणाला, "तीन नंबरवर एक बुटकी बाई आलीये. पक्की बनेल आहे. कान मांजरीचे आणि आव बहिरीचा."

"हळू बोला, ऐकतील."

"दार बंद आहे, मॅडम."

तो बाहेर आला तर बाई बाकावर बसली नव्हती. ती केबिनपासून बारा-पंधरा पावलांवर उभी होती. शेजारी एक ताडमाड उंच बाई आली होती.

"बनेल कोण हो?" बुटकी म्हणाली. "आणि मांजर कोण?"

हॉलमधली माणसे वळून बघू लागली. टाचणीच्या चेहऱ्यावर मात्र लाज नव्हती, विजय होता. सव्वीस वर्षांत आरोपीने स्वतःहून इतका चोख पुरावा आणून दिला नव्हता.

"बघा! बंद दाराआडचं ऐकलंत. आता मी काही बोलायलाच नको. शिपाई, तू साक्षीदार."

शिपाई पाण्याची कळशी घेऊन चालला होता. तो थांबला. "कशाचा साक्षीदार, साहेब? त्या दारातून काही ऐकू येत नाही. मॅडम मला हाका मारतात, त्याही येत नाहीत."

"तुला मुद्दाम येत नाहीत."

"तेही आहे. पण खरंच येत नाहीत. कान लावून बघा."

टाचणी नावाला जागणारा माणूस होता. त्याने शिपायाला केबिनमध्ये पाठवले, काहीही बोल म्हणून सांगितले, दार लावले आणि काचेला कान चिकटवला. आत शिपायाचे तोंड हलत होते. बाहेर काही म्हणता काही नाही. मॅडम हातातले पेन खाली ठेवून दोघांकडे बघत होत्या.

मागून बुटक्या बाईचा आवाज आला. "तो म्हणतोय, दोन महिन्यांपूर्वी रजा मागितली, अजून मंजूर नाही. धाकट्या बहिणीचं लग्न रजेवाचून अडलंय म्हणतोय. आता मॅडम म्हणतायत, अर्ज टेबलावर आलाच नाही. आता हा म्हणतोय, टाचणीसाहेबांच्या टेबलावर अडकलाय. टाचणी म्हणजे तुम्हीच का हो?"

शिपाई बाहेर आला. त्याला विचारावे लागले नाही. "शब्दन् शब्द," तो म्हणाला, आणि घाईघाईने पुढे, "रजेचं मी आपलं उदाहरण म्हणून बोललो, साहेब."

टाचणीने काचेकडे पाहिले, मग बाईकडे. जी गोष्ट त्याला कान लावून ऐकू आली नव्हती, ती तिने पंधरा पावलांवरून सांगितली होती. म्हणजे ती ऐकण्याची गोष्टच नव्हती. तो सावकाश बाकावर बसला, अर्जदार बसतात त्या बाकावर.

"तुम्ही तोंडं वाचता," तो म्हणाला.

"सगळेच वाचतात," बाई म्हणाली. "आमच्याकडे."

* * *

मग त्या दोघींनी त्याला जे सांगितले, ते अर्धे बुटकीने सांगितले आणि अर्धे उंच बाईने, आणि मध्ये मध्ये दोघी एकमेकींशी आवाज न काढता बोलून हसत होत्या, ते त्याला कळले नाही.

खिळेखात्यात माणसाला यंत्राचे नाव मिळे. बुटकी बाई बुटात मारायच्या 'टेकस' नावाच्या बारीक खिळ्यांच्या यंत्रावर होती, म्हणून ती टेकस. उंच बाई चार इंची. कामाला लागल्यावर पहिले सहा महिने रात्री कानात शिट्टी वाजे. तिसऱ्या वर्षी शिट्टी थांबे, तिच्याबरोबर बाकीचेही बरेच थांबे. तोवर माणूस तोंडे वाचायला शिकलेला असे. शिकवत कोणी नसे. छत्तीस यंत्रांच्या धडधडाटात बोलायचे तर दुसरा मार्गच नव्हता.

"भांडणंसुद्धा मुकी," चार इंची म्हणाली. "हिच्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हते. तर बोलत नाही हे सांगायला रोज बोलावं लागायचं."

"आमचा एक मुकादम होता," टेकस म्हणाली. "दुसऱ्या खात्यातून आलेला. वरच्यांना सांगायचा, माझ्या खात्यातल्या बायका इतक्या गुणी, दिवसभरात एक शब्द बोलत नाहीत. सात वर्षं आम्ही त्याच्या तोंडावर त्याची हजामत केली. निरोप समारंभात रडला बिचारा. म्हणाला, अशी शांत माणसं पुन्हा मिळायची नाहीत."

"आम्हीही रडलो," चार इंची म्हणाली. "नवा येणारा शिकून आला तर काय घ्या."

"आणि घरी?" टाचणीने विचारले.

"घरी काय, माणूस समोर असला की झालं," टेकस म्हणाली. "पाठ केली की भिंत. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा आवाज कसा होता ते मला सांगता यायचं नाही. लग्नाच्या वेळी ऐकलेला, तो पार गेला. पण तोंड अजून सगळं येतं मला. 'चहा' म्हणताना खालचा ओठ डावीकडे जायचा."

तिने तो तसा करून दाखवला. चार इंची म्हणाली, अगदी तस्सा, आणि दोघी हसल्या.

टाचणी उठला. त्याने तिच्या पाठीमागे जाऊन नेहमीच्या आवाजात म्हटले, "मावशी, तुमची फाईल मी पुन्हा उघडतो." टेकस समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग चार इंचीने तिच्या दंडाला हात लावला, मागे वळवले, आणि तो पुन्हा तेच बोलला.

"बनेल म्हणालात त्याचं काय?" टेकस म्हणाली.

* * *

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने दोन्ही याद्या समोर घेतल्या. एकूण एकशे एकतीस अर्ज. मंजुरीच्या यादीत एकोणऐंशी, नामंजुरीच्या यादीत बावन्न. बावन्न फायलींवर त्याच्याच अक्षरात एकच शेरा होता: मुलाखतीत व्यवस्थित ऐकतात. आणि मंजुरीच्या यादीतल्या अकरा फायलींवर: वारंवार 'आँ' म्हणतात, कानामागे हात धरतात. दुसऱ्या प्रकारच्या शेऱ्यांखाली त्याने त्या वेळी समाधानाची दुहेरी रेघ मारली होती.

टेकस जाताना म्हणाली होती, "आँ कोण म्हणेल हो खिळेखात्यात? म्हटला तर ऐकणार कोण?"

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते त्याने स्वतःच्या शाईने केले होते. ज्यांचे कान खरोखर गेले होते, ती माणसे तोंड वाचून उत्तरे देत होती आणि म्हणून खोटी ठरली होती. ज्यांना बहिऱ्याचे सोंग आणता येत होते, ती खरी ठरली होती. तो डबा न उघडता मॅडमकडे गेला.

मॅडमनी सगळे ऐकून घेतले. "एक बाई तोंड वाचते हे पटलं. माझी अब्रू शिपायासमोर गेली, पण पटलं. बाकी एक्कावन्न वाचतात कशावरून? उद्या प्रत्येक जण म्हणेल, मी ऐकलं नाही, वाचलं."

"तपासता येईल, मॅडम. मी आवाज न काढता प्रश्न विचारायचे. ज्याने बरोबर उत्तर दिलं, तो तोंड वाचतो. म्हणजे माझ्या मुलाखतीत त्याने उत्तरं दिली, यावरून त्याला ऐकू येतं असं ठरत नाही. मग माझा शेरा रद्द, आणि बंद खोलीतल्या यंत्रानं दाखवलेलं ग्राह्य."

"आणि ज्याला उत्तर देता आलं नाही?"

"त्याने मग मुलाखतीत मला ऐकलं. कानांनी."

मॅडमनी ते मनात दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिले. "प्रश्न मी लिहीन. बुधवारी सकाळी. बंद पाकिटात देईन. आणि सापळे नकोत. मागून नाणं टाकायचं, 'आग लागली' ओरडायचं, ते तुमचे जुने खेळ इथे नकोत."

"आँवाल्यांचं काय?"

"मोठ्या इस्पितळात नवं यंत्र आहे. डोक्याला तारा लावतात, माणसाला काही विचारतच नाहीत. पण महिन्याला आठच जागा देतात. त्या जपून वापरा."

मंगळवारी सकाळी टाचणी आरशासमोर दाढी करताना तोंडाच्या हालचाली करत होता. बायको दारात येऊन उभी राहिली.

"दाढ दुखतेय का?"

त्याने मान हलवली आणि तिला, आवाज न काढता, चहा टाक म्हणून सांगितले.

"काय?"

त्याने पुन्हा सांगितले.

"हे काय नवीन? चालू दे. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा या घरात जरा शांतता आहे," ती म्हणाली आणि गेली. चहा आला नाही.

* * *

बुधवारी बावन्नच्या बावन्न आले. हॉलमध्ये एरवी इतकी माणसे जमली की कानठळ्या बसतात. त्या दिवशी शिपायाला आपल्या चपलांचा आवाज येत होता आणि तरी सगळीकडे हशा पिकत होता. या कोपऱ्यातला म्हातारा त्या कोपऱ्यातल्या बाईला काहीतरी म्हणे, मधल्या तिघीजणी तोंडावर हात ठेवून हसत, आणि ज्याच्यावर विनोद झाला तो खिडकीजवळून उत्तर देई. नऊ वर्षांनी सगळे खाते एका छपराखाली आले होते. शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, इथे मीच बहिरा आहे."

टाचणीने पाकीट फोडले, पहिला प्रश्न वाचला, समोर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिले आणि तोंड उघडले.

म्हातारा गोंधळला. दुसरा प्रश्न. तोही गेला. टाचणीने तोंड आणखी मोठे केले.

हॉलच्या मधूनच टेकस म्हणाली, "अहो, एवढं तोंड कशाला फाडताय, दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं? नेहमीसारखं बोला. फक्त आवाज घरी ठेवा."

तो नेहमीसारखा बोलला. म्हाताऱ्याने लगेच उत्तर दिले. प्रश्न होता, तुमच्या घरात जिने किती. म्हातारा म्हणाला, "एकही नाही. आणि दुसऱ्या प्रश्नात तुम्ही 'दार' म्हणालात की 'गार', ते काही लागलं नाही बघा. तुमच्या मिशा जरा कमी करा."

मग रांग सरकू लागली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीस झाले, चारपर्यंत पन्नास. पन्नासही उत्तरे देत गेले. टेकसला त्याने मॅडमच्या पाकिटातला अवघड प्रश्न विचारला, तुमच्या यंत्राच्या कुठल्या बाजूला पाण्याचा नळ होता. ती म्हणाली, "नळ नव्हताच. बादली होती, उजवीकडे. तुमच्या मॅडमना खिळेखातं माहीत नाही."

उरले दोघे.

पहिला ठेंगणा, गोल माणूस होता. तो प्रत्येक प्रश्नाला नुसता हसला. टाचणीने लेखणी उचलली, 'ऐकतो' असे लिहिण्यासाठी. लिहिता लिहिता थांबला. सोमवारपासून त्याला थांबायची सवय लागली होती. त्याने माणसाकडे नीट पाहिले. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे वण होते.

"चष्मा कुठाय?" त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून विचारले.

"काडी मोडली. दुरुस्तीला दिलाय. उद्या मिळणार."

"मग आधी सांगायचं नाही का?"

या प्रश्नालाही तो माणूस हसला. ओठांवरचा तो प्रश्न त्याला दिसला नव्हता.

दुसऱ्याने प्रश्न सुरू होण्याआधीच हात वर केला. "साहेब, मला ऐकू येतं."

हॉलमध्ये ते कोणी ऐकले नाही, पण सगळ्यांनी वाचले. मोठा हशा उठला, आणि तो आवाजासकट होता.

"मी वीस वर्षं कानात मेण आणि कापूस घालून काम केलं. हे सगळे मला हसायचे. कापूस म्हणायचे, अजून म्हणतात. अर्ज माझ्या मुलानं भरला, सगळे भरतायत म्हणून. मुलाखतीत तुम्ही विचारलं ते मी सांगितलं. ऐकू येतं का, असं तुम्ही विचारलंच नाहीत."

टाचणीने प्रश्नांचा छापील तक्ता काढून पाहिला. अकरा प्रश्नांत तो प्रश्न खरोखर नव्हता. कापसाने तिथेच अर्ज मागे घेतला. बावन्नांत एक. सव्वीस वर्षे खोटे हुंगणाऱ्या नाकाची या खेपेची कमाई एवढीच.

* * *

गुरुवारी चष्मेवाला चष्मा लावून आला आणि दहापैकी दहा सांगून गेला. त्यानंतर अकरा आँवाल्यांना बोलावले होते. टेकस आणि चार इंची यांना कोणी बोलावले नव्हते, त्या आपल्या आल्या होत्या आणि बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या.

अकरांतला एक रुबाबदार गृहस्थ कारखान्याच्या फाटकावर हजेरी मांडत असे. फाटक खिळेखात्यापासून चांगले लांब होते. त्याने अर्जात मात्र 'खिळेखाते' लिहिले होते. तो आला, कानामागे हात धरून बसला, आणि टाचणीने काहीही विचारले की "आँ?" म्हणू लागला.

बाकाच्या दोन टोकांवरून दोघी त्याच्याकडे बघत एकमेकींशी बोलत होत्या. टाचणीला चार दिवसांच्या सरावाने त्यातले पाच-सहा शब्द लागले आणि त्याचे कान लाल झाले. हजेरीवाला प्रसन्नपणे दोघींकडे बघून मान डोलवत होता. खिळेखात्यातला माणूस असता, तर त्याने चप्पल काढली असती.

"साहेब, उघडच आहे," शिपाई कुजबुजला.

"मावशींचंही उघडच होतं," टाचणी म्हणाला.

त्याने फाईलवर लिहिले: शंका. मोठ्या इस्पितळातील यंत्रावर तपासणी व्हावी. 'असत्य' हा शब्द त्याने लिहिला नाही. तोंड वाचता येत नाही म्हणजे कान शाबूत, असेही नसते. अकरांतल्याच, माल भरण्याच्या खोलीतल्या एका म्हातारीला एकही प्रश्न वाचता आला नाही. ती त्या खोलीत एकटीच काम करायची, बोलायला समोर कोणी नव्हतेच. तिच्याही फाईलवर त्याने तोच शेरा लिहिला, आणि आठ जागांत पहिली जागा तिला दिली, म्हणजे तिचा निकाल लवकर लागेल.

हजेरीवाल्याला यंत्राचे कागदावर लिहून दाखवले. डोक्याला तारा, माणसाला काही विचारत नाहीत. त्याने ते दोनदा वाचले. मग म्हणाला, मला सध्या सर्दी आहे, पुढे बघू. शुक्रवार दुपारपर्यंत अकरांतल्या तिघांनी अर्ज मागे घेतले. तिघांनाही सर्दी होती.

* * *

शुक्रवारी पाचला वीस मिनिटे कमी असताना मॅडमनी सुधारित यादी वाचली. एक्कावन्न नावे नामंजुरीतून काढली होती. खाली टाचणीची टीप होती: सदर शेरे पडताळणी कारकुनाच्या चुकीने लिहिले गेले.

"'कार्यालयाच्या नजरचुकीने' लिहा," मॅडम म्हणाल्या. "तुमची बढतीची फाईल याच मुख्य कार्यालयात आहे. ठाऊक आहे ना?"

"मुलाखत कार्यालयाने घेतली नव्हती, मॅडम."

त्यांनी टीप तशीच ठेवली आणि सही केली. "आणि शिपायाची रजा?"

"सकाळीच पुढे पाठवली."

टेकस तीन नंबरच्या खिडकीवर उभी होती. मागच्या बाकांवर चार इंची, चष्मेवाला, आणखी वीस-पंचवीस जण होते. कापूसही आला होता. त्याचे आता इथे काही काम नव्हते, पण खाते जमले होते. टाचणीने तिची फाईल तिच्यासमोर उघडली, पट्टी ठेवली आणि 'असत्य' या शब्दावरून लाल शाईची एक रेघ मारली. बाजूला सही केली, तारीख घातली.

टेकसने वाकून पाहिले. "अजून वाचता येतोय."

"येणार. सरकारी कागदावर खोडता येत नाही. एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, असा नियम आहे."

"म्हणजे माझ्या सुनेलाही दिसणार."

"दिसणार. पण रेघ कोणी मारली, तेही दिसणार. सही वाचता येण्यासारखी केलीये."

तिने सही वाचली. समाधान झाले नसावे. "कागदावर झालं. तोंडानं कोण म्हणणार?"

टाचणीने आजूबाजूला पाहिले. शिपाई दोन हातांवर टेबल पुसत होता. चार नंबरची कारकून बाई कान टवकारून बसली होती. सव्वीस वर्षांत त्याने हे वाक्य या कार्यालयात उच्चारले नव्हते. चारचौघांत कशाला, असे त्याला वाटले असावे. त्याने टेकसकडे तोंड केले आणि आवाज न काढता म्हटले, "चूक माझी होती. तुम्ही खऱ्या आहात."

टेकसने मान डोलवली. तिच्या मागे बाकांवरच्या पंचवीस माणसांनीही मान डोलवली. अगदी मागच्या भिंतीजवळून चार इंचीने हात जोडले. आख्ख्या हॉलमध्ये फक्त शिपायाला आणि चार नंबरच्या बाईला काही ऐकू आले नव्हते.

"काय झालं?" शिपाई म्हणाला. "काय म्हणाले साहेब?"

"रजा मंजूर झाली म्हणाले," टेकस म्हणाली.

यादी पाच वाजायला चार मिनिटे असताना रवाना झाली. सोमवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी तिची पोच आली. त्याच्या पुढच्या बुधवारी मुख्य कार्यालयाचे पत्र आले: अर्जदारांनी ओठ वाचून उत्तरे दिली, ही बाब योजनेच्या कोणत्या नियमात बसते, ते उलट टपाली कळवावे. नियमात ती कुठेच बसत नव्हती. टाचणीने तीन पानी उत्तर लिहिले, मॅडमनी त्यावर स्वतःच्या हाताने एक पान जोडले, त्यात काचेच्या केबिनची हकिगत होती, आणि ते गुरुवारी गेले.

तेव्हापासून टेकस रोज सकाळी दहा-वीसच्या सुमारास समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहते. जिना चढून वर येत नाही, गुडघे दुखतात म्हणते. टाचणी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी येतो. मध्ये रस्ता असतो, गाड्यांचे भोंगे, कोणाचे तरी भांडण. तो तिथूनच तोंडाने सांगतो, अजून नाही. ती म्हणते, बरं. मग आणखी काहीतरी लांबलचक म्हणते आणि हसत निघून जाते. ते त्याला अजून नीट लागत नाही.

कालपर्यंत उत्तर आलेले नव्हते.